'डार्क पॅसेज'मधली ती इमारत: पत्ता मिळाला, पण तीच आहे हे सिद्ध कसं करायचं?

चित्रवेल

नमस्कार मंडळी,

'डार्क पॅसेज' (१९४७) पुन्हा पाहिला. दिग्दर्शक डेल्मर डेव्हस. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बॅकॉल. सॅन क्वेंटिनच्या तुरुंगातून पळालेला कैदी, आणि त्याला आसरा देणारी बाई. ती ज्या अपार्टमेंटमध्ये राहते त्या इमारतीने मला झपाटून टाकलंय. गोलसर कोपरे, काचेच्या विटा, दर्शनी भिंतीवर भलीमोठी चंदेरी आकृती आणि शेजारून डोंगरउतारावर चढणाऱ्या पायऱ्या.

पत्ता नेटवर लगेच मिळतो: सॅन फ्रान्सिस्को, टेलिग्राफ हिल, १३६० माँटगोमरी स्ट्रीट, मॅलक बिल्डिंग. तेव्हा 'ही इमारत कोणती?' असं मी विचारत नाहीये. मला विचारायचंय ते असं: हा पत्ता ज्या पानांवर मिळतो ती बहुतेक एकमेकांवरून उतरवलेली वाटतात. 'हीच ती' असं सगळे म्हणतात, पण कशावरून ते कुणीच सांगत नाही. समजा पत्ता माहीतच नसता, तर फक्त चित्रपट हाताशी घेऊन या इमारतीपर्यंत कसं पोचता आलं असतं? आणि पोचल्यावर खात्री कशी करायची?

हे एका इमारतीवर जमलं की ज्यांचं उत्तर नेटवर नाही अशा इमारतीही शोधता येतील. माझ्या यादीत अशा बऱ्याच आहेत. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

रीळ

उत्तम धागा. अनेक वर्षं या नादात आहे, म्हणून सुरुवात मी करतो.

पहिलं काम म्हणजे इमारतीकडे बघणं थांबवा. दिग्दर्शकाने जे दाखवायचं ठरवलं ते चौकटीच्या मध्यभागी असतं. त्यावर सजावट होते, खोटी पाटी लागते, दिवे बदलतात. कडेला जे नकळत आलेलं असतं त्याला कुणी हात लावत नाही. शेजारच्या घराचं छप्पर, रस्त्याचा चढ, दिव्याचा खांब, पाणी भरायचा नळखांब, फुटपाथच्या कडेची उंची, लांबवर दिसणारा पूल, हे सगळं टिपून ठेवा. मी प्रत्येक शॉटच्या सुरुवातीची आणि शेवटची चौकट जपून ठेवतो, कारण कॅमेरा वळायला सुरुवात होते किंवा थांबतो तेव्हाच कडेचं जास्त सापडतं.

दुसरं काम, कॅमेरा वळतो त्या शॉटच्या चौकटी एकमेकींना जोडून एक लांबट चित्र तयार करा. 'डार्क पॅसेज' इथे फार उपयोगी आहे. त्यातला पहिला बराच भाग नायकाच्या डोळ्यांतून दिसतो, शस्त्रक्रिया होईपर्यंत त्याचा चेहराच दिसत नाही. त्यामुळे कॅमेरा माणसाच्या नजरेसारखा हळूहळू फिरतो आणि आसपासची जागा अखंड मिळते. तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या नेहमीच्या दृश्यांत हे सुख नसतं.

तिसरं, चित्र उलटं तर नाही ना ते बघा. संकलनाच्या सोयीसाठी कधीकधी शॉट आरशातल्यासारखा उलटवलेला असतो. पाट्यांवरची अक्षरं, गाडीचं स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे आणि पुरुषांच्या कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत, यावरून ते कळतं. तुमच्या इमारतीला तर आणखी सोपी कसोटी आहे. रस्त्यावर तिच्याकडे तोंड करून उभं राहिलं की शेजारच्या त्या पायऱ्या, म्हणजे फिल्बर्ट स्ट्रीटच्या पायऱ्या, डाव्या हाताला येतात. त्या उजवीकडे दिसल्या तर एकतर शॉट उलटा आहे, नाहीतर इमारत वेगळी.

---

गवाक्ष

मी वास्तुरचनेच्या क्षेत्रातली आहे, म्हणून शैलीबद्दल लिहिते.

आडव्या पट्ट्या, गोल वळलेले कोपरे, काचेच्या विटा, जहाजासारखा एकूण बांधा ही सगळी लक्षणं स्ट्रीमलाइन मॉडर्न शैलीची. अमेरिकेत ती १९३०च्या दशकात फोफावली आणि युद्धाने खाजगी बांधकाम थांबलं तशी ओसरली. म्हणजे पत्ता नसला तरी शोधाची चौकट आपोआप आखली जाते: साधारण १९३३ ते १९४१ या काळात बांधलेली, डोंगरउतारावरची, बरी ऐपत असलेल्या भाडेकरूंसाठीची इमारत. मॅलक बिल्डिंग १९३७ची आहे. वास्तुरचना इर्विन गोल्डस्टाइन यांची. शहरात काही लोक तिला सागरी जहाजाचं घर म्हणतात.

इथे एक गोष्ट नेहमी विसरली जाते. आपण जिला 'ऐतिहासिक इमारत' म्हणतो ती चित्रीकरणाच्या वेळी जेमतेम दहा वर्षांची होती. तेव्हाच्या प्रेक्षकाला ती झगझगीत, आधुनिक आणि महागडी दिसत होती, आणि तिथे राहणाऱ्या बाईबद्दल चित्रपटाला तेच सांगायचं होतं. म्हणून अशा इमारतीचा माग वारसा-याद्यांत काढण्याआधी तिच्या जन्माच्या वेळच्या कागदांत काढा. नव्या इमारतींच्या जाहिराती, भाड्याच्या जागांचे रकाने, बांधकाम-मासिकं. नवी होती तेव्हा तिच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलं असणार.

आता ती चंदेरी आकृती. हे शिल्प नाही. आल्फ्रेड दु पाँ या कलाकाराने स्ग्राफिटो पद्धतीने केलेलं काम आहे. वेगवेगळ्या रंगांच्या गिलाव्याचे थर एकावर एक द्यायचे आणि वरचा थर ओला असतानाच खरवडून खालचा रंग उघडा करायचा. आकृत्या सुमारे ४० फूट उंचीच्या आहेत. पश्चिमेच्या, म्हणजे रस्त्याकडच्या भिंतीवर एक कामगार हातात पृथ्वीचा गोल धरून उभा आहे आणि त्याच्या खाली खाडीवरचा बे ब्रिज हा पूल आहे. बे ब्रिज वाहतुकीला खुला झाला नोव्हेंबर १९३६मध्ये, म्हणजे शहरात त्या वेळी जे ताजं होतं तेच भिंतीवर आलं.

ओळख पटवायला ही भिंत हुकमी आहे. खिडक्या बदलतात, दारं बदलतात, रंग बदलतात. हाताने खरवडलेली चाळीस फुटी आकृती दुसऱ्या इमारतीवर तशीच्या तशी असणं शक्य नाही. कृष्णधवल चौकटीत नीट बघा. उठावाचं शिल्प असतं तर आकृतीच्या कडेने सावली पडली असती. इथे ऊन कुठूनही येवो, रेषा सपाटच राहतात. आजच्या फोटोत आणि चौकटीत ठळक रेषा, आकृतीचा खांद्याचा कोन आणि शेजारच्या खिडकीच्या चौकटीपासूनचं अंतर जुळवून बघा.

---

चित्रवेल

गवाक्ष, रीळ, दोघांचेही मनापासून आभार. खांद्याचा कोन आणि खिडकीचं अंतर ताडून पाहिलं, अगदी जुळतंय! पायऱ्याही डावीकडेच आहेत.

एक प्रश्न. दर्शनी भिंत पश्चिमेकडे तोंड करून असेल तर उन्हावरूनही काही कळेल का?

---

रीळ

कळेल. पश्चिमेच्या भिंतीवर थेट ऊन फक्त मध्यान्हीनंतर पडतं. आकृतीवर लख्ख ऊन असेल तर शॉट दुपारचा. उत्तरेकडच्या भिंतीवर, जी पायऱ्यांच्या बाजूला आहे, वर्षाचा बराच काळ थेट ऊन येतच नाही. चित्रपटातल्या भिंती याच्या उलट वागत असतील तर दिशा चुकलीय, मग पत्ता कितीही लोकांनी छापलेला असो. पत्ता माहीत नसतो तेव्हा मी हीच गोष्ट उलट्या टोकाने करतो. सावल्यांवरून रस्त्याची दिशा ठरवतो, आणि शहरातले निम्मे रस्ते तिथेच बाद होतात.

---

नकाशावाचक

चौकट आजच्या फोटोशी जुळली, हा झाला एक पुरावा. पण तो आजचा आहे. १९४७च्या आधी ती इमारत त्या जागी होती याचे स्वतंत्र कागद हवेत. माझा नेहमीचा क्रम सांगतो. शहर सॅन फ्रान्सिस्को असल्यामुळे तुम्ही नशीबवान आहात.

आधी हवाई छायाचित्रं. १९३८मध्ये हॅरिसन रायकर यांनी हे अख्खं शहर विमानातून टिपलं आणि ती छायाचित्रं आज डेव्हिड रम्सी नकाशासंग्रहात मोठ्या आकारात बघता येतात. इमारत १९३७ची, छायाचित्र १९३८चं. म्हणजे ती तिथे दिसलीच पाहिजे. आधी वरच्या अंगाला कॉइट टॉवर शोधा, तो १९३३चा आहे आणि डोंगरमाथ्यावर एकटा उभा आहे. तिथून फिल्बर्टची रेषा धरून पूर्वेकडे, खाडीच्या दिशेने खाली या. माँटगोमरी ओलांडताना कोपऱ्यावर आजूबाजूच्या लाकडी घरांपेक्षा बराच मोठा ठोकळा दिसेल.

मग सॅनबर्न नकाशे. या कंपनीने १८६७पासून आगीच्या विम्यासाठी अमेरिकेतल्या शहरांचे नकाशे काढले. एका इंचाला पन्नास फूट, प्रत्येक इमारतीचा ठसा, मजले, जिने, बांधकामाचं साहित्य. रंगांची भाषा सोपी आहे: पिवळा म्हणजे लाकडी, गुलाबी म्हणजे विटांची, निळा म्हणजे दगड किंवा काँक्रीट. टेलिग्राफ हिलवर पिवळ्याचा सुळसुळाट आहे, त्यामुळे काँक्रीटची इमारत तिथे उठून दिसते. नकाशावर पुढे सुधारणांचे तुकडे चिकटवलेले असतात, म्हणून पानाची मूळ तारीख आणि सुधारणेची तारीख दोन्ही बघा.

तिसरी जनगणना. अमेरिकेत जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात. १९४०चे २०१२मध्ये खुले झाले, १९५०चे २०२२मध्ये. तक्त्याच्या कडेला रस्त्याचं नाव उभं लिहिलेलं असतं, पुढच्या रकान्यात घर क्रमांक. भाड्याचा आकडाही १९४०च्या तक्त्यात आहे. गवाक्ष म्हणतात तशी ती महागडी इमारत होती की नाही, हे शेजारच्या घरांच्या भाड्याशी तुलना करून स्वतः बघता येतं. मला हा सगळ्यात जिवंत कागद वाटतो.

शिवाय शहराच्या निर्देशिका (रहिवाशांची नावं आणि पत्ते असलेली पुस्तकं), बांधकाम परवाने आणि पाणीजोडणीच्या नोंदी आहेत. १९०६च्या भूकंपात आणि आगीत नगरपालिकेचे जुने कागद जळाले, म्हणून या शहरात जुन्या घरांची तारीख ठरवायला पाण्याच्या नोंदी फार कामी येतात. सरकारी यादीत 'बांधकाम वर्ष १९००' असं दिसलं तर त्यावर लगेच विसंबू नका. जिथे खरं साल माहीत नव्हतं तिथे ठोकळमानाने १९०० टाकलेलं आहे. तुमची इमारत १९३७ची असल्याने ही भानगड तिच्या बाबतीत नाही, पण यादीतल्या बाकीच्यांना लागेल.

---

ओसरी

वाचनखूण साठवली. माझा शोध न्यूयॉर्कमधल्या इमारतींचा आहे. तिथेही असं काही आहे का?

---

नकाशावाचक

ओसरी, न्यूयॉर्कसाठी तर खजिना आहे. १९३९ ते १९४१ या काळात कर-आकारणीसाठी शहराच्या पाचही बरोंमधल्या (मोठ्या विभागांमधल्या) झाडून सगळ्या इमारतींचे फोटो काढले गेले. शहराच्या म्युनिसिपल अर्काइव्ह्जने ते २०१८मध्ये नेटवर खुले केले. फोटोत एक छोटी पाटी धरलेली असते, तिच्यावर ब्लॉक आणि लॉटचा क्रमांक असतो. नुसता रस्ता माहीत असला तरी एकेक दार बघत पुढे जाता येतं. चाळीस-पन्नासच्या दशकातल्या चित्रपटांसाठी यापेक्षा जवळचा पुरावा मिळणार नाही.

पण न्यूयॉर्कचे चित्रपट फसवतातही फार. 'रोझमेरीज बेबी' (१९६८) मधली ब्रॅमफर्ड म्हणजे ७२व्या रस्त्यावरची डकोटा, हेन्री हार्डेनबर्ग यांची, १८८४मध्ये पूर्ण झालेली. बाहेरची दृश्यं खरी, आतली घरं मात्र हॉलिवूडमधल्या स्टुडिओत उभारलेली. आतले जिने आणि खोल्या बघून डकोटाचा नकाशा काढू गेलात तर हाती काही लागणार नाही. 'घोस्टबस्टर्स' (१९८४) मधली इमारत ५५ सेंट्रल पार्क वेस्ट, १९२९ची. चित्रपटात तिच्यावर जास्तीचे मजले आणि मंदिर चढवलंय. मजले मोजून ती कधीच सापडली नसती. तिची खरी खूण म्हणजे खालून वर फिकट होत जाणारा विटांचा रंग.

आणि 'रिअर विंडो' (१९५४) कुणाच्या यादीत असेल तर सांगतो, ते सगळं अंगण पॅरामाउंटच्या स्टुडिओत बांधलेलं आहे. ग्रीनिच व्हिलेजमधल्या खऱ्या अंगणावरून बेतलेलं, तरी बांधलेलंच.

---

रीळ

आत आणि बाहेर वेगळं, हा मुद्दा लाखमोलाचा. मी प्रत्येक चित्रपटाचे तीन कप्पे करतो: बाहेरून खरी इमारत, आतून सेट, आणि संवादात सांगितलेला पत्ता. तिन्ही एकाच जागी असतील असं कधीच धरून चालत नाही.

'सनसेट बुलेव्हार्ड' (१९५०) याचा नमुना आहे. नायक राहतो ती अपार्टमेंटची इमारत, आल्टो निडो, संवादात जिथे आहे असं सांगितलंय तिथेच आहे: हॉलिवूडमध्ये फ्रँकलिन आणि आयव्हर यांच्या कोपऱ्यावर. आजही उभी आहे. म्हणजे पत्ता खरा. पण त्याच चित्रपटातली ती भव्य हवेली सनसेट बुलेव्हार्डवर नव्हतीच. ती विल्शायर बुलेव्हार्डवर होती आणि १९५७मध्ये पाडली गेली. एकाच चित्रपटात एक पत्ता खरा, एक खोटा.

'ब्लेड रनर' (१९८२) मध्ये तर लॉस एंजेलिसची ब्रॅडबरी बिल्डिंग, १८९३ची, राहण्याची इमारत म्हणून येते. प्रत्यक्षात ती कार्यालयांसाठी बांधलेली. 'अपार्टमेंट' म्हणून शोधणारा तिच्यापर्यंत कधी पोचणार नाही.

उलट 'व्हर्टिगो' (१९५८) मधली ब्रॉकलबँक अपार्टमेंट्स, नॉब हिलवरची, १९२६ची, नवशिक्यांसाठी उत्तम. समोर फेअरमाँट हॉटेल, पुढचं आवार जवळजवळ तसंच. चित्रवेल, पुढचा सराव तिच्यावर करा.

---

चित्रवेल

ब्रॉकलबँक यादीत घेतली. पण ज्या इमारती आता नाहीतच त्यांचं काय? माझ्या यादीतल्या काही लॉस एंजेलिसच्या बंकर हिलवरच्या असाव्यात असं वाटतंय. चढ, लाकडी घरं, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या, आणि एका दृश्यात एंजल्स फ्लाइट ही तिरक्या रुळांवरची छोटी गाडी.

---

नकाशावाचक

बंकर हिल हा माझ्या काळजाचा विषय आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

पुनर्विकासाची योजना १९५९मध्ये मंजूर झाली आणि पुढच्या दशकात अख्खी टेकडी मोकळी केली गेली. टेकडीचा माथासुद्धा छाटला. हजारो माणसं तिथल्या जुन्या हवेल्यांमध्ये पाडलेल्या खोल्यांत आणि अपार्टमेंट-हॉटेलांत राहत होती. शेवटची दोन घरं, 'कॅसल' आणि 'सॉल्ट बॉक्स', १९६९मध्ये हेरिटेज स्क्वेअर या जुन्या घरांच्या संग्रहालयाच्या आवारात हलवली आणि त्याच वर्षी ती आगीत खाक झाली. त्यामुळे या टेकडीवर जे काही उभं होतं ते बघण्याची मोठी सोय म्हणजे हेच जुने गुन्हेपट. 'किस मी डेडली' (१९५५) सारख्या चित्रपटांनी स्वस्तात, खऱ्या रस्त्यांवर चित्रीकरण केलं म्हणून ते रस्ते उरले. इथे इमारत शोधायची म्हणजे ती कुठे उभी होती ते नकाशावर ठरवायचं.

एंजल्स फ्लाइटवरून जागा ठरवताना मात्र सांभाळा. मूळ मार्ग १९०१चा, १९६९मध्ये बंद झाला. १९९६मध्ये तो पुन्हा सुरू झाला तो मूळ जागेपासून अर्धा ब्लॉक दक्षिणेला. आजच्या जागेवरून मोजलंत तर सगळ्याच इमारती अर्धा ब्लॉक सरकतील. मोजमाप सॅनबर्नवरच करा. वरून बघण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतला हवाई छायाचित्रांचा संग्रह बघा, आणि रस्त्यावरच्या दृश्यांसाठी लॉस एंजेलिस पब्लिक लायब्ररीचा छायाचित्रसंग्रह.

लॉस एंजेलिसमध्ये टिकून राहिलेल्या इमारतींचाही एक घोळ आहे. १९३३च्या लाँग बीच भूकंपात दर्शनी भिंतींवरचे कठडे आणि नक्षीदार कंगोरे खाली कोसळले. पुढे १९४९मध्ये शहराने असे धोकादायक कठडे काढा किंवा बळकट करा असा नियम केला. त्यामुळे चित्रपटात डोक्यावर भरगच्च कंगोरा असलेली विटांची इमारत आज बोडकी दिसते आणि आपण तिच्यासमोरून पुढे निघून जातो. वरची ओळ झाकून खालच्या खिडक्यांची मांडणी जुळवा. दर मजल्यावर किती खिडक्या, जोडीने की सुट्या, आग लागल्यावर उतरायचा लोखंडी जिना कितव्या खिडकीसमोर. हे सहसा बदलत नाही.

---

गवाक्ष

नकाशावाचकांनी खिडक्यांबद्दल लिहिलं त्याला जोड देते. खिडकीची चौकट बदलली तरी भिंतीतलं भोक क्वचितच बदलतं, कारण त्यावर भिंतीचा भार तोललेला असतो. म्हणून तुलना भोकांची करा, तावदानांची नको.

---

रीळ

कागदांबद्दल एक राहिलं. 'डार्क पॅसेज' वॉर्नर ब्रदर्सचा आहे, आणि त्या काळातले वॉर्नरचे निर्मिती-कागद सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात जतन केलेले आहेत. रोजच्या कामाचे अहवाल, स्थळांची पत्रं यांत चित्रीकरणाची जागा लिहिलेली असू शकते. असा कागद मिळाला तर तो चौकटींच्या तुलनेपेक्षा वरचढ, कारण तो चित्रीकरण करणाऱ्यांनीच लिहिलेला असतो. इतर स्टुडिओंसाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीची मार्गारेट हेरिक लायब्ररी बघा. तिथे कोणते संग्रह आहेत याच्या याद्या नेटवर वाचता येतात. आधी यादी वाचून पेटी आणि फोल्डर ठरवा, मगच विचारणा करा.

---

ओसरी

एक विनंती इथे लिहिते. यातल्या बऱ्याच इमारतींत आज माणसं राहतात. 'व्हर्टिगो'मधलं नायकाचं लोम्बार्ड स्ट्रीटवरचं घर बघायला इतके लोक येत राहिले की आता त्याच्यापुढे भिंत आहे आणि ते जुनं दार रस्त्यावरून दिसत नाही. फोटो फुटपाथवरूनच काढावेत. बेल वाजवू नये, भाडेकरूंच्या मागोमाग आत शिरू नये. जनगणनेच्या तक्त्यात नावं सापडली तरी ती इथे टाकू नयेत. त्यांची मुलं-नातवंडं हयात असतात.

---

रीळ

ओसरी, शंभर टक्के सहमत. मॅलकच्या बाबतीत आत जायची गरजही नाही. भिंत, काचेच्या विटा आणि पायऱ्या हे सगळं सार्वजनिक रस्त्यावरून दिसतं.

---

चित्रवेल

मंडळी, आज १९३८चं हवाई छायाचित्र उघडलं. कॉइट टॉवरवरून फिल्बर्टची रेषा धरून खाली आले, आणि कोपऱ्यावर तो ठोकळा आहे! शेजारच्या घरांच्या मानाने एवढा मोठा आहे की दुसऱ्या कशाशी गल्लत होणं शक्य नाही. गोलाई वरून फारशी कळत नाही, पण छपराच्या सावलीची कड वळलेली दिसते. फार आनंद झाला, आणि तो तुमच्याशिवाय शक्य नव्हता.

म्हणजे माझ्याकडे आता भिंतीवरच्या आकृतीची जुळणी, पायऱ्यांची बाजू आणि १९३८चं छायाचित्र आहे. जनगणनेचा तक्ता आणि सॅनबर्नचं पान बाकी आहे. शिवाय वॉर्नरच्या संग्रहाची यादी वाचायला घेतलीय.

एक अडलंय. जनगणनेच्या तक्त्यात रस्त्याच्या नावाने थेट शोधता येत नाही. तो विभाग कसा शोधायचा?

---

नकाशावाचक

गणनेसाठी शहराचे छोटे विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. नॅशनल अर्काइव्ह्जकडे १९४०च्या विभागांचे नकाशे आणि सीमांची लेखी वर्णनं दोन्ही आहेत. नकाशावर माँटगोमरी आणि फिल्बर्ट जिथे छेदतात ती जागा शोधा. माँटगोमरीच्या पूर्व अंगाचा विभाग घ्या, कारण सम क्रमांक त्या बाजूला आहेत. दोन विभागांची सीमा रस्त्याच्या मधोमध जात असेल तर चुकीच्या बाजूची पानं चाळण्यात वेळ जातो. त्या विभागाच्या पानांवर कडेला 'माँटगोमरी' दिसेपर्यंत पुढे जा आणि मग १३६० शोधा. गणना करणारा माणूस ब्लॉकभोवती चालत फिरायचा, त्यामुळे क्रमांक ओळीने येतीलच असं नाही. आणि घरी कुणी न सापडल्यास त्या कुटुंबाची नोंद विभागाच्या शेवटी, पान क्रमांक ६१पासून पुढे केलेली असते. तिथेही बघून मगच 'नाही' म्हणा.